नव्वद दिवसांची स्थिरता

चौदा ऑक्टोबरला सकाळी सव्वाअकरा वाजता दवाखान्यातून फोन आला, तेव्हा माझी बायको सिग्रुन घरात नव्हती. ती ग्रंथालयात पुस्तके परत करायला गेली होती आणि मी बाल्कनीच्या दाराच्या फटीत हिवाळ्यासाठी फोमची पट्टी चिकटवत होतो. सिग्रुनला फोनवर बोलण्याचा मनापासून कंटाळा. त्यामुळे दवाखान्याच्या नोंदीत निरोपासाठी कित्येक वर्षांपासून माझेच नाव होते. पलीकडची मुलगी घाईत होती. "त्यांचा रक्तदाब बराच वाढलेला दिसतोय. डॉक्टर म्हणतात, गोळी दुप्पट करू या. या आठवड्यात त्यांना एकदा पाठवाल का?" मी म्हणालो, "तीन जानेवारीला आम्ही दक्षिणेला निघतोय. हे एप्रिलपर्यंत थांबू शकेल का?" ती म्हणाली, "थांबेल की नाही ते मी कसं सांगणार? मी नुसती वेळ देते." "मग एप्रिलची द्या." मला तिच्या टेबलावरच्या प्रिंटरची घरघर ऐकू आली. मग ती म्हणाली, "सतरा एप्रिल, सकाळी दहा." मी आभार मानले, फोन ठेवला आणि पट्टीचा उरलेला तुकडा दाराच्या मापाने नीट कापला. तासाभराने सिग्रुन आली, ओले बूट काढता काढता तिने विचारले, "कुणाचा फोन?" मी म्हणालो, "दवाखान्याचा. सतरा एप्रिलला बोलावलंय. गोळ्या आहेत तशाच."

या उत्तरातला प्रत्येक शब्द खरा होता. गोळ्या खरोखरच आहेत तशाच राहिल्या, कारण मी त्या तशा राहू दिल्या. चौतीस वर्षे मी मॅनिटोबाच्या प्रांतिक सरकारच्या कायद्यांचे मसुदे लिहिले. एखादे वाक्य खोटे न होता किती झाकू शकते, याचे मोजमाप माझ्याइतके विनिपेगमध्ये फार थोड्या लोकांना असेल. म्हणूनच प्रवास-विम्याच्या पुस्तिकेतले ते कलम माझ्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. निघण्याच्या दिवसापूर्वीचे नव्वद दिवस प्रवाशाची प्रकृती स्थिर असली पाहिजे. औषध बदललेले नसावे, मात्रा बदललेली नसावी, बदलण्याचा सल्लाही मिळालेला नसावा; नाही तर परदेशातल्या रुग्णालयाचे बिल विमा कंपनी भरत नाही. दरवर्षी हिवाळ्यात दक्षिणेला जाणाऱ्या आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या आयुष्यात या कलमाइतके दुसरे काहीही पाळले जात नाही. सप्टेंबर उजाडला की आमच्यातले निम्मे लोक डॉक्टरांचा रस्ता टाळू लागतात. गुडघा सुजला तर तो जानेवारीपर्यंत सुजू देतात; छातीत कळ आली तर ती जेवणावर ढकलतात. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना माणसे एकमेकांना "स्थिर आहेस ना?" असे विचारतात आणि समोरचा, इतर लोक नातवंडांविषयी बोलतात त्या समाधानाने, "स्थिर" असे उत्तर देतो. मी केले ते आमच्यात सगळेच करतात, हा युक्तिवाद मी त्याच संध्याकाळी पूर्ण केला. त्यात एकच उणीव होती. सगळे जण हे स्वतःच्या शरीराशी करतात.

तीन जानेवारीला सकाळी उणे एकतीस होते. इंजिन गरम ठेवणारी विजेची तार काठीसारखी कडक झाली होती. ती गुंडाळता येईना, तेव्हा मी ती तशीच आडवी मागच्या कप्प्यात ढकलली. मोटारहोमच्या, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराच्या, नळांमध्ये शरद ऋतूपासून गुलाबी द्रव भरून ठेवलेला होता. तो असला की नळ्या गोठून फुटत नाहीत, पण तो आहे तोवर गाडीतला एकही नळ वापरता येत नाही. म्हणून पहिले तीन दिवस आम्ही घर असलेल्या पण पाणी नसलेल्या अवस्थेत काढतो. बाटलीतल्या पाण्याने दात घासायचे, पेट्रोल पंपावर प्रसाधनगृह शोधायचे आणि गोठणबिंदूची रेघ मागे पडेपर्यंत गाडी हाकत राहायचे. सिग्रुनने मांडीवर पत्र्याचा डबा धरला होता. त्यात तिच्या बहिणीसाठी केलेली सात थरांचा आइसलँडिक केक, विनारतेर्ता, होता. तो केक मागे कपाटात ठेवला तर थर सरकतात, असे तिचे पंचवीस वर्षांचे मत. कपाट घट्ट असल्याने ते सरकू शकत नाहीत, असे माझे. देशाची सरहद्द ओलांडून नॉर्थ डकोटात शिरलो, तेव्हा रस्त्यावर जमिनीलगत सरपटणारा बर्फ सुरू झाला. पांढऱ्या दोऱ्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वाहत होत्या आणि बराच वेळ पाहिल्यावर रस्ताच आडवा सरकतो आहे असे वाटू लागे. सिग्रुन म्हणाली, "डोकं जड झालंय." मी म्हणालो, "हा बर्फ बघू नकोस. लांब बघ." ती लांब बघू लागली. लांब बघण्यासारखे तिथे काहीही नव्हते.

आस्ता तिची थोरली बहीण. सत्तावन्न वर्षांपूर्वी टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाच्या एका ग्रेपफ्रूट पिकवणाऱ्या बागायतदाराशी लग्न करून ती गेली, आणि आता बागही नाही आणि नवराही नाही. आठ जानेवारीला तिला ऐंशी पूर्ण होणार होती. तिचे हृदय थकले होते, पाय सुजत होते आणि तिचा आवाज मात्र सरोवरकाठच्या गिमली गावातल्या धक्क्यावर मासळीच्या पेट्या मोजणाऱ्या मुलीचाच राहिला होता. रोज संध्याकाळी ती फोन करायची. "कुठवर आलात?" "साउथ डकोटा," सिग्रुन सांगायची. "अजून? वकीलसाहेब गाडी चालवतायत की ढकलतायत?" मी वकील नव्हे, हे मी तिला अर्धशतक सांगत आलो आहे. "आणि केकमध्ये वेलदोडा घातलास ना? मागच्या खेपेला नुसते आलुबुखारे लागत होते." "घातलाय गं. आणि तू यंदा त्याच्यावर साखर थापू नकोस." "माझा वाढदिवस, माझा केक. मी थापणार." मग दोघी हसायच्या, आणि फोन ठेवल्यावर सिग्रुन थोडा वेळ तसाच चेहरा ठेवून बसायची, जणू तो लगेच उतरवून ठेवला तर मोडेल. दोन वर्षे त्यांची भेट झाली नव्हती. हे सगळे मी आस्तासाठी केले, असे मी पहिल्या दिवशी स्वतःला सांगितले. दुसऱ्या दिवशी, नेब्रास्कातून जाताना, हे विधान टिकेना. गेल्या वर्षी माझ्या कंबरेच्या शस्त्रक्रियेमुळे आम्ही हिवाळाभर फ्लॅटमध्येच राहिलो होतो. दुपारी साडेचारला अंधार पडायचा. सिग्रुन खिडकीशी बसून समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उजळताना बघायची, आणि मी तिच्या मागे उभा राहून तिच्याशी काय बोलावे हे शोधत असायचो. पन्नास वर्षांच्या संसारानंतर मला एक विषय सापडत नव्हता. वाद घालायला काही घडावे लागते, आणि त्या फ्लॅटमध्ये काही घडत नव्हते. रस्त्यावर तसे होत नाही. रस्त्यावर वळण असते, नकाशा असतो, तिचे मत आणि माझे मत असते. मला आस्ताकडे जायचे नव्हते. मला त्या खिडकीपासून लांब जायचे होते. एवढे कबूल करायला मला एक संपूर्ण राज्य ओलांडावे लागले.

माझे वडील हिवाळ्यात विनिपेग सरोवराच्या बर्फाखाली जाळी लावायचे. नोव्हेंबरात सरोवर नुकतेच गोठलेले असे; ते लोखंडी पहार आपटत पुढे जायचे आणि आवाजावरून बर्फाची जाडी ओळखायचे. आई रोज दाराशी विचारायची, "बर्फ कसा आहे?" आणि ते म्हणायचे, "आहे तसाच." एकदा ते कमरेपर्यंत भिजून, कपडे पत्र्यासारखे वाजवत आले, तेव्हा मी गोठ्यात होतो. त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प केले, तिथेच कपडे बदलले आणि घरात जाऊन जेवायला बसले. आईने विचारले, ते म्हणाले, "आहे तसाच." या असत्याची शिक्षा त्यांना कधीही झाली नाही. ते शहाऐंशीव्या वर्षी आपल्या पलंगावर, आईचा हात हातात असताना गेले, आणि आई शेवटपर्यंत सांगत राहिली की या माणसाने मला कधी घाबरवले नाही. लहान मुलाच्या मनावर उपदेशाचा परिणाम होत नाही. खपून गेलेल्या गोष्टींचा होतो. कॅन्ससच्या सपाट, करड्या रस्त्यावर मला वाटले की मी वडिलांचाच नियम पाळतो आहे. त्यानंतर दहा मैलांनी वाटले की बर्फावर ते स्वतः चालत होते.

सलायना गावात औषधांच्या दुकानात थांबलो. सिग्रुनला डोकेदुखीची गोळी हवी होती. दाराजवळ रक्तदाब मोजणारे यंत्र होते. खुर्चीत बसायचे, बाहीत हात घालायचा, आकडा फुकट. काही तरी करत असल्यासारखे दिसावे म्हणून मी बसलो. एकशे एकतीस. सिग्रुन गोळ्यांची बाटली घेऊन आली आणि माझ्या डोक्यावरून आकडा बघत म्हणाली, "वा, जवान आहेस की. ऊठ, मी पण बसते." मी उठलो. माझ्या मागे एक म्हातारा काठी टेकून उभा होता. तो रांगेत होता की पत्नीची वाट बघत होता, हे मला आजही ठाऊक नाही. मी म्हणालो, "हे गृहस्थ थांबलेत कधीचे. आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचाय." त्या गृहस्थाने आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. सिग्रुन त्याला म्हणाली, "बसा तुम्ही, बसा," आणि माझ्या पुढे चालू लागली. तिने बर्फात चालायचे जाड बूट घातले होते आणि तिची चाल नेहमीसारखी होती. मी ती चाल मागून तपासत गाडीपर्यंत गेलो. आकडा न पाहिल्यास तो अस्तित्वात नसतो, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. मीही म्हणालो नाही. मी फक्त गाडी सुरू केली.

सहा जानेवारीला दुपारी आम्ही रेड नदी ओलांडून टेक्सासात शिरलो. तापमान अकरा होते. डेंटनच्या अलीकडे आमच्यासारख्यांच्या मुक्कामासाठी एक तळ आहे. दरवर्षी आम्ही तिथे थांबतो, नळांतला गुलाबी द्रव धुऊन काढतो आणि टाकीतल्या पाण्याचा पहिला चहा करतो. शेजारच्या जागेत आमच्या शेजारच्या सस्कॅचवान प्रांतातला लायल नावाचा माणूस खुर्ची टाकून बाह्या दुमडून बसला होता. तो धान्याच्या कोठारावर कारकून होता आणि त्याची जीभ अजून तिथल्या वजनकाट्यासारखी हलत असे. "आले बघा मॅनिटोबावाले," तो म्हणाला, "अजून कोट अंगात! काढा तो, नाही तर इथली माणसं चोर समजतील." मी म्हणालो, "कोट काढायला अकरा अंश पुरत नाहीत." "अहो, अकराला आमच्याकडे लग्नं लागतात!" सिग्रुन खिडकीतून हसली. मग आम्ही नेहमीच्या कामाला लागलो. या कामाची आमची ठरलेली पद्धत आहे: मी बाहेर टाकीला पाण्याची नळी लावतो आणि पंप चालू करतो, ती आत एकेक नळ सोडते आणि पाण्याचा रंग मला ओरडून सांगते. स्वयंपाकघरातला नळ, मग हात धुण्याचा, मग फवाऱ्याचा. पाणी आधी गडद गुलाबी येते, मग फिके, मग साबणासारखे, मग स्वच्छ.

"गुलाबी," तिने आतून सांगितले. मी थांबलो. "गुलाबी." टाकी अर्धी रिकामी झाली. "आता?" "गुलाबी." मी म्हणालो, "शक्य नाही. नीट बघ." ती म्हणाली, "गुलाबी." लायल म्हणाला, "रंग जास्त ओतलात वाटतं शरदात." त्याला मी प्रत्येक नळीत किती द्रव बसतो हे सविस्तर सांगितले, कारण मी ते मोजून ठेवले होते. आतून पुन्हा आवाज आला, "गुलाबी." मला राग आला. तिचा हा हेका मला पन्नास वर्षे परिचित होता. केकचे कपाट, नकाशातले वळण, आणि आता हे. "सिग्रुन, अर्धी टाकी पाणी गेलंय, ते गुलाबी असूच शकत नाही," असे म्हणत मी तिला चूक दाखवण्यासाठी पायरी चढून आत गेलो. नळ पूर्ण सोडलेला होता. पाणी स्वच्छ होते. सिंकचा तळ लखलखत दिसत होता. ती त्याच्यासमोर डावा हात कट्ट्यावर टेकून उभी होती, उजवा हात नळाखाली तसाच लोंबत होता आणि त्यावरून पाणी वाहून बाहीत शिरत होते. तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत ओळख होती, सगळे होते, आणि तिने फार काळजीपूर्वक, मला समजावे अशा बेताने म्हटले, "गुलाबी." मग आपण हे म्हणायला निघालो नव्हतो, हे तिच्या चेहऱ्यावर आले. मी नळ बंद केला. माझ्या आयुष्यात मी जितके युक्तिवाद जिंकले, ते सगळे त्या एका बंद नळाच्या शांततेत माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांतल्या एकाचाही उपयोग नव्हता.

रुग्णवाहिका लायलने बोलावली. दहा-बारा मिनिटांनी, वाटेतच, तिचे शब्द परत आले. आधी "पाणी" आला, मग "बाही ओली", मग माझे नाव. रुग्णालयातल्या परिचारिकेने पट्टा बांधला आणि आकडा बघून दुसऱ्या हाताला बांधला. दोनशे बारा. ती चाळिशीची, रुंद मनगटांची बाई होती. गळ्यातल्या पट्टीवर तिचे नाव मेरिबेल असे होते. ती भराभर विचारत होती आणि माझ्याकडे न बघता लिहीत होती. वय, गोळ्या, ॲलर्जी. विम्याची पुस्तिका माझ्या कोटाच्या खिशात होती. पुढचा प्रश्न मला आधीच माहीत होता आणि त्याचे उत्तर सलायनापासून माझ्या तोंडात तयार होते. मेरिबेल म्हणाली, "बीपी इतकं वर आत्ताच गेलं, की आधीपासून असंच होतं?" मी म्हणालो, "औषध बदललेलं नाही." तिचा हात थांबला. "मी ते विचारलं नाही, साहेब. आधीपासून वर असेल तर आम्हाला सावकाश खाली आणायचंय. एकदम उतरवलं तर मेंदूला रक्त कमी पडेल, आणि आत्ता परत आलेले शब्द कायमचे जातील. म्हणून विचारते. कधीपासून?"

सिग्रुन माझ्याकडे बघत होती. तिने तोंड उघडले, आणि शब्द हळूहळू, एकेक पाय ठेवून बघत आले. "ठीक होतं की," ती मेरिबेलला म्हणाली. "ऑक्टोबरात तपासलं. गोळ्या आहेत तशाच, म्हणाले." ती माझ्या बाजूने साक्ष देत होती. माझेच वाक्य, माझ्याच स्वरात, पूर्ण विश्वासाने. एवढ्या पूर्ण आणि व्यवस्थित वाक्यानंतर मला काही बोलण्याची गरजच उरली नव्हती. मी गप्प राहिलो असतो तर विमा राहिला असता, तिचा माझ्यावरचा विश्वास राहिला असता, आणि गोळी दुप्पट करण्याचा तो निरोप विनिपेगच्या एका दवाखान्याच्या नोंदीत कोणी न उघडता पडून राहिला असता. फक्त औषधाचे थेंब किती वेगाने सोडायचे, ते या बाईला चुकीचे कळले असते. "नाही," मी म्हणालो. "ऑक्टोबरापासून वर आहे. डॉक्टरांनी गोळी दुप्पट करायला सांगितली होती. मी तिला सांगितलं नाही." मेरिबेलने लिहिले. मग तिने डोके वर करून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. तिच्या नजरेत तिरस्कार नव्हता, फक्त पुढचे काम होते. "कुठली तारीख?" "चौदा ऑक्टोबर." ती औषधाची पिशवी आणायला गेली.

सिग्रुन छताकडे बघत होती. उजव्या हाताची बोटे चादरीवर एकामागून एक टेकत होती. ती बोटे नीट हलतात का ते बघते आहे, असे मला वाटले. ती मोजत होती. "सतरा," ती म्हणाली. "तीस. एकतीस. तीन." बेरीज करायला तिला वेळ लागला आणि मी मदत केली नाही. "एक्क्याऐंशी." दरवर्षी मीच तिला ते कलम समजावून सांगत आलो होतो, ती ऐकत नाही, अशी माझी तक्रार होती. "नऊच कमी, हालदोर. त्याच दिवशी गोळी वाढवली असती आणि नऊ दिवस उशिरा निघालो असतो, तरी चाललं असतं." मी म्हणालो, "आस्ताचा वाढदिवस..." "वाढदिवस नऊ दिवसांनी केला असता तर ती एकोणऐंशीची राहिली असती का?" हा हिशेब मी चौदा ऑक्टोबरच्या संध्याकाळीच केला होता. दुप्पट गोळी एकदा सुरू झाली की ती महिन्याने पुन्हा बदलतील, नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील, आणि जानेवारी आम्हाला त्या खिडकीत गाठेल, ही भीती मी तेव्हा तर्क म्हणून मांडली होती. मी ते तिला सांगायला सुरुवात केली. "पण समज, गोळी परत बदलली असती, तर..." "नको," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "आज तू मुद्दा मांडू नकोस."

मी मांडला नाही. पिशवीतून थेंब पडत होते, सावकाश, जसे पडायला हवे होते तसे. आकडा दोनशे चारवर आला, मग एकशे अठ्ठ्याण्णववर. काचेच्या दारापलीकडे कोणीतरी चाकांची खुर्ची ढकलत नेत होते आणि तिचे एक चाक करकरत होते. मला झोप येत होती. चार दिवसांची, एक्क्याऐंशी दिवसांची झोप. खांदे पाठीतून निखळून खाली लोंबतील असे वाटत होते. डॉक्टर येऊन गेला. निदान तीन दिवस इथे, म्हणाला, आणि त्यानंतर गाडीचा प्रवास नाही. जायचे तर विमानाने, आणि जायचे ते घरी. सिग्रुनने मान हलवली. खुर्चीत बसून मी तिच्या उजव्या हाताकडे बघत राहिलो. तो हात मला धरावासा वाटला, आणि धरण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, याबद्दल मनात दोन बाजू तयार होऊ लागल्या. मी त्या तिथेच सोडल्या. हातही धरला नाही.

साडेपाचला तिच्या पर्समध्ये फोन वाजला. ती आस्ताची वेळ. सिग्रुनने फोन काढून द्यायची खूण केली आणि स्वतःच्या कानाला लावला. "आस्ता," ती म्हणाली. शब्द जपून निवडत होती. "आम्ही येत नाही." पलीकडचा मोठा आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू आला, पण शब्द कळले नाहीत. सिग्रुनने डोळे मिटले, थोडा वेळ ऐकले आणि म्हणाली, "का ते हालदोर सांगेल." तिने फोन माझ्या हातात दिला. तो गरम होता.

"काय झालं हो वकीलसाहेब?" आस्ता विचारत होती. तिच्या आवाजात धाप होती आणि त्या धापेवर ती हसू चढवत होती. "गाडी बंद पडली ना? मी म्हटलंच होतं. इतकी जुनी गाडी आणि इतका जुना ड्रायव्हर. काय बिघडलं? इंजिन? अरे, सांग की, गाडीचंच काहीतरी ना?"

एवढे सोपे उत्तर मला आयुष्यात कोणी आणून दिले नव्हते. त्याला फक्त हो म्हणायचे होते.

"नाही आस्ता," मी म्हणालो. "गाडी ठीक आहे."

"मग?"

सिग्रुनने डोळे उघडले. तिने हात पुढे केला, माझ्या हातातल्या फोनवर बोट टेकून त्याचा आवाज पूर्ण वाढवला, आणि ऐकायला उशीवर सरळ झाली.